लघुप्रबंधासाठी आशय विश्लेषण: मोजणीला बसण्यापूर्वी काय करावे आणि बसल्यावर काय टाळावे

संज्ञापन आणि माध्यम अभ्यासाच्या विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी आशय विश्लेषण, म्हणजे मजकुरातील घटक ठरलेल्या वर्गांत नोंदवून मोजणे, ही सर्वांत सोपी पद्धत वाटते. मुलाखतींसाठी कोणाच्या मागे लागावे लागत नाही, साहित्य हाताशी असते आणि मोजणी काय, कोणालाही जमते. या समजापायी कामाचा क्रमच उलटा होतो. आधी कात्रणे जमतात, मग तक्ता आखला जातो, तक्ता भरता भरता वर्गांच्या व्याख्या सुचतात आणि संशोधनाचा प्रश्न सर्वांत शेवटी, आलेल्या आकड्यांना साजेसा लिहिला जातो. असा प्रबंध परीक्षकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला कोसळतो, कारण अमुक बातमी अमुक वर्गात का टाकली याचे उत्तर कोठेही लिहिलेले नसते.

पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. हाती असलेल्या वेळेपैकी निम्मा वेळ पहिल्या सहा टप्प्यांना द्यावा. मुख्य मोजणीला त्याहून बराच कमी वेळ लागतो. उदाहरण म्हणून लेखभर एकच काल्पनिक अभ्यास घेतला आहे: पुराच्या बातम्यांमध्ये दोन दैनिके अधिकारी, तज्ज्ञ आणि पूरग्रस्त यांच्यापैकी कोणाचे म्हणणे किती प्रमाणात छापतात?

१. प्रश्न असा घ्यावा, की ज्याचे उत्तर मजकुरातच सापडेल

आशय विश्लेषण मजकुरात काय आहे ते सांगते. तो मजकूर वाचून वाचकाचे मत बदलले का, किंवा बातमीदाराच्या मनात काय होते, हे त्यातून कळत नाही. म्हणून ‘पुराच्या बातम्यांचा जनमतावरील प्रभाव’ हा विषय या पद्धतीने होत नाही आणि ‘दैनिकांचा पूरग्रस्तांविषयीचा पूर्वग्रह’ हाही होत नाही. ‘उद्धृत केलेल्या व्यक्तींमध्ये पूरग्रस्तांचे प्रमाण किती आणि ते दोन दैनिकांत वेगळे आहे का’ हा विषय होतो.

प्रश्नात तुलना असावी. दोन माध्यमे, दोन कालखंड किंवा दोन प्रकारच्या घटना यांपैकी कोणतीही चालेल. निव्वळ वर्णनाचा प्रश्न घेतला तर ‘३० टक्के’ हा आकडा हाती येतो खरा, पण तो जास्त की कमी हे ठरवण्यासाठी शेजारी दुसरा आकडा नसतो.

तपासणी: निकालाचा तक्ता आत्ताच, रिकाम्या चौकटींसह कागदावर आखून पाहावा. आडव्या ओळींत काय आणि उभ्या रकान्यांत काय, हे सांगता येत नसेल तर प्रश्न अजून तयार नाही.

२. एकके ठरवावीत, आणि ती एकाहून अधिक असतात हे लक्षात ठेवावे

‘मी बातम्या मोजणार आहे’ एवढे पुरेसे नसते. निवडीचे एकक म्हणजे ज्यातून नमुना काढायचा ते. आपल्या उदाहरणात दैनिकाचा एका दिवसाचा अंक. नोंदीचे एकक म्हणजे ज्याची एकेक नोंद तक्त्यात जाणार ते, येथे बातमी. पण प्रश्न उद्धृत व्यक्तींविषयीचा आहे आणि एका बातमीत चार जण बोललेले असू शकतात. तेव्हा नोंदीचे दुसरे, आतले एकक उद्धृत व्यक्ती हे होते. याखेरीज संदर्भाचे एकक असते: बोलणारी व्यक्ती अधिकारी आहे की पूरग्रस्त, हे ठरवताना फक्त ते वाक्य पाहायचे, परिच्छेद पाहायचा की पूर्ण बातमी? ही मर्यादा आधी आखली नाही तर एक कोडर (नोंद करणारी व्यक्ती) वाक्यापुरते पाहतो, दुसरा शेजारच्या चौकटीतील छायाचित्राची ओळ वाचून निर्णय घेतो आणि मतभेदाचे कारण शेवटपर्यंत सापडत नाही.

बातमी कशाला म्हणायचे हेही लिहून काढावे. अग्रलेख, वाचकांची पत्रे, छायाचित्र आणि त्याखालची एक ओळ, पहिल्या पानावरून आत गेलेला उर्वरित भाग, मुख्य बातमीला जोडलेली चौकट यांपैकी कशाची स्वतंत्र नोंद करायची? येथे बरोबर उत्तर एकच नसते, पण उत्तर असावे लागते.

३. नमुना घटनेच्या स्वभावाप्रमाणे निवडावा

रोजच्या नेहमीच्या वृत्तांकनाचा अभ्यास असेल, उदाहरणार्थ सहा महिन्यांतील आरोग्यविषयक बातम्या, तर रचित आठवड्याची पद्धत वापरावी. कालखंडातील सर्व सोमवारांची यादी करून त्यातून यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखा, एक सोमवार काढायचा, मग मंगळवारांतून एक, असे करत सात दिवसांचा एक कृत्रिम आठवडा तयार करायचा. बातम्यांना मिळणारी जागा आणि पुरवण्या वारानुसार बदलतात, म्हणून ही खटपट. दैनिकांवर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतिशास्त्रीय अभ्यासात असे दिसले, की सहा महिन्यांच्या अंकांसाठी एक रचित आठवडा आणि वर्षभरासाठी दोन रचित आठवडे पुरेसे ठरतात. मात्र तो निष्कर्ष छापील दैनिकांविषयीचा आहे. तो दूरचित्रवाणी वाहिन्यांना किंवा समाजमाध्यमांना जसाच्या तसा लावू नये.

पूर ही नेहमीची घटना नव्हे. तिच्या बातम्या काही दिवस दाटीने येतात आणि मग ओसरतात. सहा महिन्यांतून सात दिवस काढले तर कदाचित एकही पुराचा दिवस हाती लागणार नाही. अशा ठिकाणी नमुना न काढता घटनेचा कालखंड निश्चित करून त्यातील सर्व बातम्या घ्याव्यात. कालखंड कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो याचा निकष बाहेरचा असावा, जसे पाण्याची पातळी धोक्याच्या रेषेवर गेल्याची तारीख आणि त्यापुढील ३० दिवस. ‘बातम्या कमी होईपर्यंत’ हा निकष घेऊ नये, कारण जे मोजायचे आहे तेच त्यात गृहीत धरले जाते.

इशारा: ‘दर सातवा अंक’ हा नियम व्यवस्थित वाटतो, पण त्याने पूर्ण नमुना एकाच वाराचा होतो. ‘महत्त्वाच्या बातम्या निवडल्या’ हे वाक्य तर प्रबंधात कधीही येऊ नये. महत्त्व कोणी ठरवले, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो.

४. साहित्य गोळा करताना शोधशब्दांची परीक्षा घ्यावी

डिजिटल संग्रहात शोधशब्द टाकून बातम्या काढल्या, की काम झाले असे वाटते. मराठीत ते इतके सरळ नाही. ‘पूर’ हा शब्द टाकला तर ‘भरपूर’, ‘पूरक’, ‘पूर्ण’ आणि शेवटी ‘पूर’ असलेली गावांची नावे असा सगळा गाळ वर येतो. उलट ‘पुरात’, ‘पुरामुळे’, ‘पुराचे’ ही सामान्यरूपे निसटतात, कारण त्यांत दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला असतो. एखाद्या बातमीत ‘पूर’ हा शब्दच नसतो. ‘नदीने पात्र सोडले’, ‘गावाला पाण्याचा वेढा’ एवढेच असते. शोधशब्दांची यादी सामान्यरूपांसह, समानार्थी शब्दांसह करावी आणि ती जशीच्या तशी प्रबंधात द्यावी.

यादी पुरेशी आहे का हे पाहण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे. कालखंडातील तीन-चार दिवसांचे अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हाताने वाचून पुराच्या बातम्या मोजाव्यात आणि शोधातून आलेल्या बातम्यांशी ताडून पाहाव्यात. हाताने सापडलेल्या २० बातम्यांपैकी शोधाने १२च दिल्या असतील तर यादी अपुरी आहे.

जुने अंक युनिकोडपूर्व फाँटमध्ये किंवा निव्वळ प्रतिमांच्या स्वरूपात असतील तर शोध अजिबात चालत नाही आणि ‘शून्य निकाल’ म्हणजे ‘शून्य बातम्या’ असा गैरसमज होतो. संकेतस्थळावरील मजकूर प्रसिद्धीनंतर बदलला जातो, म्हणून प्रत्येक बातमीची प्रत तारीख आणि वेळेसह त्याच दिवशी जतन करावी. छापील अंक आणि संकेतस्थळ यांची सरमिसळ करू नये. ती दोन वेगळी माध्यमे आहेत. एकाच दैनिकाच्या निरनिराळ्या आवृत्त्याही एक नसतात. कोणती आवृत्ती घेतली ते नोंदवावे.

५. कोडबुक लिहावे

संपूर्ण कामाचा कणा येथे आहे आणि सर्वांत जास्त आळसही येथेच होतो. ‘१ = अधिकारी, २ = तज्ज्ञ, ३ = पूरग्रस्त, ४ = इतर’ हे कोडबुक नव्हे, ती नुसती यादी आहे. कोडबुकात प्रत्येक वर्गाची व्याख्या, त्यात काय बसते, काय बसत नाही, एखादे खरे उदाहरण आणि पेच पडल्यास निर्णयाचा नियम असे सगळे लिहिलेले असावे. आपल्या उदाहरणातील एक नोंद अशी होईल:

पूरग्रस्त: ज्या व्यक्तीचे घर, शेती, जनावरे किंवा उपजीविका यांना या पुराचा प्रत्यक्ष फटका बसल्याचे त्याच बातमीत नमूद आहे अशी व्यक्ती. नाव दिलेले नसले आणि ‘ग्रामस्थांनी सांगितले’ एवढाच उल्लेख असला तरी येथेच नोंद करावी. मदतीसाठी बाहेरून आलेले स्वयंसेवक येथे धरू नयेत. घर पाण्यात गेलेला सरपंच बोलत असेल आणि बातमीत त्याची ओळख पदाने दिली असेल तर तो ‘अधिकारी व लोकप्रतिनिधी’ या वर्गात. स्वतःच्या नुकसानीविषयी बोलत असल्यास ‘पूरग्रस्त’ या वर्गात.

सरपंचाचे हे उदाहरण घरात बसून सुचत नाही. सात-आठ बातम्या बारकाईने वाचल्यावरच सुचते. म्हणून कोडबुकाचा पहिला खर्डा बातम्या समोर ठेवून लिहावा.

वर्ग परस्परांना छेदणारे नसावेत आणि सर्व मिळून सगळ्या शक्यता त्यांत सामावल्या जाव्यात. ‘इतर’ हा वर्ग ठेवावा लागतोच, पण चाचणीत दहापैकी एकाहून अधिक नोंदी तेथे पडू लागल्या तर एखादा खरा वर्ग ओळखायचा राहून गेला आहे असे समजावे.

एका चलाविषयी (चल म्हणजे प्रत्येक एककाविषयी नोंदवायची बाब) स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे, कारण तो जवळपास प्रत्येक प्रबंधात असतो आणि जवळपास प्रत्येक प्रबंधात घोटाळा करतो: बातमीचा सूर, म्हणजे सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ. पुढील वाक्य घ्या: ‘मदत पोहोचण्यास दोन दिवस लागले, असे ग्रामस्थांनी सांगितले, तर रस्ते खचल्यामुळे विलंब झाल्याचे अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले.’ हा सूर कोणता? पुराची बातमी म्हणजे दुःखाची, म्हणून कोणी नकारात्मक लिहील. दोन्ही बाजू आहेत म्हणून कोणी तटस्थ लिहील. अधिकाऱ्यांच्या खुलाशाने शेवट झाला म्हणून कोणाला तो प्रशासनाच्या बाजूने वाटेल. सूर मोजायचाच असेल तर तो कोणाविषयीचा सूर हे नेमके करावे आणि ‘सूर’ या शब्दाऐवजी दिसणाऱ्या खुणा मोजाव्यात: प्रशासनावर टीका करणारे विधान आहे का, आहे तर ते कोणाच्या तोंडी आहे, त्याला उत्तर दिलेले आहे का. अशा तीन ‘होय-नाही’ चलांतून जे हाती लागते ते ‘नकारात्मक’ या एका शब्दाहून कितीतरी भक्कम असते.

इशारा: तक्त्यात रिकामी चौकट कधीही सोडू नये. ‘नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘ठरवता येत नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना ०, ९८, ९९ असे वेगळे अंक द्यावेत, नाहीतर नंतर रिकामी चौकट म्हणजे विसरलेली नोंद की खरोखरच अनुपस्थिती, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

६. नोंदीचा तक्ता आखावा आणि प्राथमिक चाचणी घ्यावी

एका ओळीत एकच एकक, हा नियम मोडू नये. एकाच चौकटीत ‘अधिकारी, ग्रामस्थ, डॉक्टर’ असे स्वल्पविराम देऊन लिहिले की ती माहिती मोजता येत नाही. दोन एकके आहेत म्हणून दोन तक्ते करावेत: बातम्यांच्या तक्त्यात प्रत्येक बातमीला क्रमांक, दिनांक, दैनिक, पान, व्यक्तींच्या तक्त्यात प्रत्येक उद्धृत व्यक्तीची स्वतंत्र ओळ आणि त्या ओळीत बातमीचा क्रमांक. हा क्रमांकच दोन्ही तक्त्यांचा दुवा असतो.

प्राथमिक चाचणी मुख्य साहित्याबाहेरच्या, पण त्याच जातीच्या २० ते ३० बातम्यांवर घ्यावी. आधीच्या वर्षीच्या पुराच्या बातम्या उत्तम. दोन व्यक्तींनी एकमेकांशी न बोलता कोडिंग करावे आणि त्यानंतर प्रत्येक मतभेदापाशी थांबून चर्चा करावी. ‘तुझे चुकले’ असे म्हणून चर्चा संपवू नये. प्रत्येक मतभेदातून कोडबुकात एखादे वाक्य वाढायला हवे. चर्चा होऊनही कोडबुक जसेच्या तसे राहिले असेल तर चाचणी वाया गेली.

७. विश्वसनीयता मोजावी, आणि ती योग्य रीतीने मोजावी

विश्वसनीयता म्हणजे एकाच मजकुराची दोघांनी स्वतंत्रपणे केलेली नोंद कितपत जुळते ते. त्यासाठी आता मुख्य साहित्यातील साधारण दहा टक्के बातम्या यादृच्छिकपणे काढून दोघांनी पुन्हा स्वतंत्रपणे कोड कराव्यात. एकूण बातम्या थोड्या असतील तर दहा टक्क्यांवर न थांबता किमान पन्नासच्या आसपास जावे.

येथे सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे निव्वळ सहमतीची टक्केवारी देणे. समजा १०० बातम्यांत ‘पूरग्रस्ताचे म्हणणे आहे का’ हे दोघांनी नोंदवले. ८४ ठिकाणी दोघांनीही ‘नाही’ म्हटले, २ ठिकाणी दोघांनीही ‘होय’ म्हटले आणि १४ ठिकाणी मतभेद झाला. त्यांतील सात ठिकाणी पहिल्याचे ‘होय’ आणि सात ठिकाणी दुसऱ्याचे. सहमती ८६ टक्के, म्हणजे दिसायला छान. पण दोघेही ९१ टक्के वेळा ‘नाही’ म्हणत असल्यामुळे, डोळे मिटून कोडिंग केले असते तरी सुमारे ८३.६ टक्के सहमती आलीच असती. हा योगायोगाचा वाटा वजा करून कोहेन यांचा कप्पा गुणांक काढला तर तो जेमतेम ०.१५ येतो. नीट पाहिले तर ‘होय’ असे एकाने तरी म्हटलेल्या १६ बातम्यांपैकी फक्त दोनच ठिकाणी दोघांचे जमले आहे, आणि संशोधनाचा प्रश्न नेमका त्या ‘होय’विषयी आहे.

दोन कोडर आणि नामदर्शक चल (ज्यांच्या वर्गांत चढ-उताराचा क्रम नसतो असे) असतील तर कप्पा पुरतो. कोडर अधिक असतील, काही नोंदी सुटलेल्या असतील किंवा क्रमदर्शक मापन (वर्गांना क्रम असलेले) असेल तर क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा हा सहमतीचाच दुसरा गुणांक वापरावा. अल्फा ०.८०० किंवा त्याहून अधिक असावा आणि ०.६६७ च्या खाली गेल्यास त्या चलावर निष्कर्ष बेतू नयेत, ही सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा आहे. गुणांक प्रत्येक चलासाठी वेगळा द्यावा. सर्व चलांची सरासरी देणे म्हणजे ‘पान क्रमांक’ या चलाच्या शंभर टक्के सहमतीआड ‘सूर’ लपवणे होय.

इशारा: आधी चर्चा करून मतभेद मिटवायचे आणि मग गुणांक काढायचा, हा अप्रामाणिकपणा आहे, मग तो अजाणतेपणी झाला तरी. गुणांक नेहमी चर्चेपूर्वीच्या नोंदींवर काढावा.

एकट्याने प्रबंध करणाऱ्यांची अडचण खरी आहे. दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच पुन्हा कोडिंग करून स्वतःशी सहमती मोजता येते, पण त्यातून फक्त तुमचे सातत्य कळते. तुमची व्याख्या दुसऱ्याला समजते का हे कळत नाही. त्यापेक्षा वर्गातील एखाद्या सहाध्यायाशी अदलाबदल करावी: त्याच्या बातम्या तुम्ही कोड कराव्यात, तुमच्या त्याने.

८. मुख्य कोडिंग

कोडबुक येथे गोठवावे. त्यावर दिनांक टाकावा. बातम्या तारखेच्या क्रमाने किंवा एक दैनिक संपवून दुसरे अशा क्रमाने घेऊ नयेत, कारण कोडरची नजर दिवसागणिक बदलते आणि तो बदल दोन दैनिकांतील फरकासारखा दिसू लागतो. क्रम यादृच्छिक करून घ्यावा. एका बैठकीत दीड-दोन तासांपेक्षा जास्त वेळ बसण्यात अर्थ नसतो. पेच पडलेली प्रत्येक बातमी आणि त्यावर घेतलेला निर्णय वेगळ्या वहीत नोंदवावा.

मध्येच नियम बदलावाच लागला तर आधी कोड केलेल्या सर्व बातम्या नव्या नियमाने पुन्हा तपासाव्या लागतात. अर्धे काम एका नियमाने आणि अर्धे दुसऱ्याने, ही सूट कोणालाही नाही.

९. आकडे मांडताना आधार सांगावा

समजा पहिल्या दैनिकात ३०० उद्धृत व्यक्तींपैकी ४५ पूरग्रस्त आहेत आणि दुसऱ्यात ९० पैकी २७. नुसती संख्या दिली तर पहिले दैनिक पुढे दिसते. प्रमाण काढले तर ते १५ टक्के आणि ३० टक्के, म्हणजे चित्र उलटे. दोन्ही आकडे द्यावेत आणि टक्केवारी कशाची, हे प्रत्येक तक्त्याच्या शीर्षकात लिहावे.

काय-वर्ग चाचणी (दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे पाहणारी) लावताना दोन गोष्टी पाहाव्यात. अपेक्षित संख्या (फरक नसता तर चौकटीत आली असती ती) पाचपेक्षा कमी असलेल्या चौकटी एकूण चौकटींच्या पाचव्या भागाहून अधिक असतील तर वर्ग एकत्र करावेत किंवा लहान संख्यांसाठीची फिशर यांची अचूक चाचणी वापरावी. दुसरे म्हणजे, एकाच बातमीतील चार उद्धृत व्यक्ती परस्परांपासून स्वतंत्र नसतात, तर ही चाचणी तसे गृहीत धरते. सांख्यिकीची फार तयारी नसेल तर ‘किमान एक पूरग्रस्त उद्धृत असलेली बातमी’ असे बातमीच्या पातळीवरचे चल तयार करून चाचणी त्यावर करावी. फरक किती मोठा आहे हे सांगण्यासाठी क्रेमर यांचा व्ही द्यावा. ‘सार्थ’ (निव्वळ योगायोगाचा नसावा असा फरक) या शब्दाने ते कळत नाही.

१०. लेखन

पद्धतीचे प्रकरण असे लिहावे, की तुम्हाला न विचारता दुसऱ्या विद्यार्थ्याला तोच अभ्यास पुन्हा करता यावा. पूर्ण कोडबुक, शोधशब्दांची यादी आणि चलवार गुणांक परिशिष्टात द्यावेत. ज्या चलाचा गुणांक पडला ते चल गुपचूप गाळू नये. गाळले आणि का गाळले हे एका वाक्यात लिहावे.

समाजमाध्यमांवरील सामान्य लोकांच्या नोंदी अभ्यासात असतील तर त्या शब्दशः उद्धृत करताना सावध राहावे, कारण नाव काढून टाकले तरी वाक्य शोधयंत्रात टाकून लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचता येते.

निष्कर्षांचा खर्डा झाल्यावर क्रियापदांवर एक वेगळी नजर फिरवावी. ‘दैनिकाने पूरग्रस्तांना जाणीवपूर्वक डावलले’ हे वाक्य हेतूविषयीचे आहे, ‘त्यामुळे वाचकांची दिशाभूल झाली’ हे परिणामाविषयीचे. तुमच्या तक्त्यात या दोहोंपैकी कशाचाही रकाना नाही. ‘या ३० दिवसांत पहिल्या दैनिकातील उद्धृत व्यक्तींमध्ये पूरग्रस्तांचे प्रमाण १५ टक्के, तर दुसऱ्यात ३० टक्के होते’ हे वाक्य तक्त्यातून येते, आणि त्यामागची कारणे शोधायची असतील तर त्यासाठी बातमीदारांच्या मुलाखती हा वेगळा अभ्यास हाती घ्यावा लागतो.